शिसपेन्सिलीत शिसं नसतं, माती असते

आठवीतली भाची परवा विचारत होती, मावशी, एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेच्या तयारीला कुठल्या पेन्सिली घेऊ, दुकानात बारा पेन्सिलींचा डबा आहे तो घेऊ का? मी म्हटलं थांब. मग तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, थोडं लांबलंय, पण पेन्सिल ही वस्तूच अशी आहे की एकदा सुरुवात केली की थांबवत नाही.

आधी नाव. आपल्याकडे शिसपेन्सिल म्हणतात, कारण नुसतं पेन्सिल म्हटलं की जुन्या माणसांना पाटीवरची पेन्सिल आठवते, म्हणून कागदावरची ती शिसपेन्सिल. पण शिसं त्यात कधीच नव्हतं. लहानपणी पेन्सिल चावली की आई ओरडायची, शिसं पोटात जाईल, विष असतं ते! आत असतं ग्राफाइट, म्हणजे शुद्ध कार्बन. (बाहेरच्या रंगात पूर्वी शिसं असायचं, त्यामुळे आई अगदीच चुकीची नव्हती.) हा घोळ मराठीचा एकटीचा नाही, जर्मनमध्येही पेन्सिलीला शिशाची कांडी अशा अर्थाचाच शब्द आहे.

घोळ झाला इंग्लंडमध्ये. तिथे उत्तरेला बॉरोडेल नावाचं खोरं आहे, तिकडच्या डोंगरात सोळाव्या शतकात काळ्या, मऊ, हाताला लागणाऱ्या दगडाचा साठा सापडला. धनगरांनी त्याने मेंढ्यांवर खुणा करायला सुरुवात केली. दिसायला शिशासारखं, म्हणून लोकांनी शिसंच समजलं. १५६५ साली कोनराड गेस्नर या स्विस अभ्यासकाने लाकडात बसवलेल्या अशा कांडीचं चित्रच छापलं. पुढे तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायला हा माल लागायला लागला आणि भाव इतका चढला की १७५२ मध्ये त्याची चोरी हा मोठा गुन्हा ठरवणारा कायदा तिथल्या संसदेने केला. हे शिसं नसून कार्बन आहे हे स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं, आणि दहा वर्षांनी वर्नर या जर्मन माणसाने त्याला ग्राफाइट नाव दिलं, ग्रीकमध्ये लिहिणे या अर्थाच्या शब्दावरून. नाव सुधारलं, सवय नाही सुधारली, आजही टोक मोडलं की आपण म्हणतो शिसं तुटलं.

आता हा दगड कागदावर उमटतो कसा? चिरोटा आठवा. पदरावर पदर, आणि बोटाने नुसतं ढकललं तरी वरचा पदर सुटून येतो. ग्राफाइट अगदी तसं आहे. कार्बनचे अणू मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनांच्या जाळीत बसलेले असतात, एका पदरातले अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की विचारू नका, पण एक पदर आणि त्याच्या खालचा पदर यांच्यातली ओढ फारच कमजोर. त्यामुळे जरा घासलं की पदरांचे गठ्ठे निसटतात. (खरं तर पदरांमध्ये शिरलेल्या हवेचा आणि ओलाव्याचाही यात हात आहे, निर्वात पोकळीत ग्राफाइट असं निसरडं राहत नाही, पण तिकडे बसून कोण चित्र काढतंय.) याच पदरांतला एकच पदर चिकटपट्टीने सोलून काढला म्हणून मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव या शास्त्रज्ञांना २०१० चं नोबेल मिळालं, तो पदर म्हणजे ग्राफीन. आपल्या रेघेत मात्र एकेक पदर नसतो, हजारो पदरांचे कपटे असतात.

आणि कागद गुळगुळीत दिसतो पण तो गुळगुळीत नसतो. भिंगातून बघितला तर तंतूंचं जाळं दिसतं, म्हणजे कागद ही एक कानसच समजा. पेन्सिल फिरली की ही कानस तिचे कपटे खरवडून काढते आणि स्वतःच्या खाचांमध्ये धरून ठेवते. म्हणजे रेघ पेन्सिल काढते असं आपण म्हणतो पण निम्मं काम कागदाचं आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवर पेन्सिल घसरते आणि जरा खरखरीत अशा कार्ट्रिज कागदावर छान धरते ती याच्यामुळे.

मग माती कुठून आली? १७९३ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध सुरू झालं, इंग्लंडचा माल बंद. फ्रान्सकडे चांगलं ग्राफाइट नाही, आणि पेन्सिलीशिवाय लष्कराचे नकाशे कसे काढणार? हे काम निकोला-जाक काँतेकडे आलं. हा माणूस चित्रकार, शिवाय हवेत उडणाऱ्या बलूनवर काम करणारा, हायड्रोजनच्या प्रयोगात स्फोट होऊन एक डोळा गेलेला, असा अवलिया. त्याने हलक्या प्रतीचं ग्राफाइट दळलं, चिकणमातीत पाणी घालून मळलं, कांड्या पाडल्या आणि कुंभारासारख्या भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये पेटंट घेतलं. आजही पद्धत तीच आहे, भाजलेली कांडी पुढे मेणात बुडवतात एवढंच, म्हणजे ती कागदावर खरखरत नाही.

गंमत अशी की नाइलाजाने घातलेली माती हीच पेन्सिलीची खरी किल्ली निघाली. बॉरोडेलचा दगड जसा निघेल तसा, मऊ तर मऊ. माती घातल्यावर मात्र पेन्सिल किती कडक करायची ते कारखान्याच्या हातात आलं. भाजलेली माती म्हणजे आतला सांगाडा, तो ग्राफाइटला धरून ठेवतो. माती जास्त तर कपटे कमी सुटतात, रेघ फिकी, टोक जास्त वेळ टिकतं. माती कमी तर कपटे भराभर सुटतात, रेघ काळी, टोक लगेच बोथट. पेन्सिलीवर छापलेलं एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक, आकडा जितका मोठा तितका तो गुण जास्त. मधे एचबी, आणि एचबी आणि एचच्या मधे एफ नावाची एक पेन्सिल असते जी कुणीच घेत नाही. एचबीत साधारण दोन तृतीयांश ग्राफाइट, पाव हिस्सा माती आणि बाकी मेण असतं. ९बी जवळजवळ सगळं ग्राफाइटच, ९एचमध्ये ग्राफाइट निम्म्याहून कमी.

हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर माझं वांगं वाचलं असतं. वस्तुचित्राच्या सरावाला सरांनी तांब्या आणि वांगं ठेवलं होतं, माझ्याकडे एकच एचबी, आणि वांगं तर काळंभोर. मी दाबलं, अजून दाबलं, कागद मागून उठून आला एवढं दाबलं, आणि शेवटी जे झालं ते स्टीलचं वांगं. खिडकीकडून बघितलं तर पांढरं चमकत होतं. तांब्यापेक्षा जास्त!

कारण आता कळतं. दाबल्याने कागदाची कानसच सपाट होते, खाचा भरून जातात, नवीन कपटे धरायला जागा राहत नाही. आणि जे कपटे बसलेत ते दाबाखाली आडवे होऊन एकाशेजारी एक फरशा बसवल्यासारखे सपाट लागतात, मग त्यांच्यावरून प्रकाश आरशासारखा परत येतो. ग्राफाइटमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात म्हणून ते थोडं धातूसारखं वागतं, चमकतं आणि वीजही वाहून नेतं. ६बीने कागदावर जाड पट्टा गिरवा आणि त्यातून ९ व्होल्टच्या बॅटरीने छोटा एलईडी लावून बघा, अंतर कमी ठेवलं तर पेटतो.

तर नियम एकच, काळं हवं असेल तर दाबू नका, पेन्सिल बदला. फिकं हवं असेल तर एचबी अलगद धरण्यापेक्षा २एच घ्या. अगदी कोळशासारखा मिट्ट काळा हवा असेल तर मात्र कुठलीच बी पुरणार नाही, ९बी पण चमकणारच. तिथे चारकोल पेन्सिल लागते, कारण कोळशात ते सपाट पदर नसतात, प्रकाश आत अडकून बसतो. फक्त क्रम सांभाळा, आधी चारकोल, कारण ग्राफाइटच्या निसरड्या, मेणचट थरावर चारकोल धरतच नाही, घसरून जातो. हे मी दोन चित्रं वाया घालवून शिकले.

डबा घ्यायचा का, तर माझं मत नको. बारापैकी सात पेन्सिली टोकसुद्धा न काढता पडून राहतात. २एच, एचबी, २बी, ४बी, ६बी अशा पाच सुट्या घ्या आणि शक्यतो एकाच कंपनीच्या, कारण किती मातीला २बी म्हणायचं याचा सगळ्यांना बांधून घालणारा नियम नाही, एकाची २बी दुसऱ्याची ३बी असू शकते. महागडी जर्मन श्रेणी २४ ग्रेडची येते, १०एच ते १२बी, पण शिकणाऱ्याच्या हाताला एवढा फरक कळत नाही. (झेक कंपनीची ती प्रसिद्ध पिवळी पेन्सिल तर कोहिनूर नावाने विकतात. हिराही कार्बन, ग्राफाइटही कार्बन, नाव अगदी फिट बसलंय.) आपल्याकडची कॅम्लिन १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केली, नटराज-अप्सरावाली हिंदुस्तान पेन्सिल्स १९५८ ची, तीही मुंबईचीच, सरावाला यांच्या ड्रॉइंग पेन्सिली उत्तम चालतात.

दुकानात पेन्सिल मागच्या बाजूने बघा, शिसं लाकडाच्या बरोबर मध्ये आहे का. एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनरमध्ये एकीकडे लाकडाची फळीच राहते आणि टोक मोडत राहतं. लाकूडही बघा, आपल्या पेन्सिलींसाठी काश्मीरमधल्या पुलवामाच्या उखू गावातून पॉप्लरच्या पट्ट्या येतात, हलकं लाकूड, सहज कापलं जातं. आणि पेन्सिल पाडू नका. वरून काही दिसत नाही पण आत भाजलेली माती आहे, कपासारखी तडकते, मग टोक काढाल तसं तुकडा हातात.

खोडरबराचं थोडक्यात. रबराच्या आधी लोक ब्रेडच्या मऊ गोळ्याने पेन्सिल पुसायचे, १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने रबराने पुसलं जातं असं लिहून ठेवलं. तत्त्व सोपं आहे, ग्राफाइट कागदापेक्षा रबराला जास्त चिकटतं. म्हणून शेडिंगला मळता येणारा नीडेबल खोडरबर घ्या, घासायचा नाही, टेकवून उचलायचा. आणि बोटाने शेडिंग पसरवू नका प्लीज, बोटाचं तेल कागदात मुरतं आणि डाग मग कशानेच निघत नाही.

भाचीने पाच पेन्सिली आणल्या, कागदाच्या कडेला पाच चौकोन काढून प्रत्येकीने न दाबता भरले आणि ती पट्टी कंपासपेटीत ठेवलीय. काल वांग्याचा फोटो पाठवला तिने. बऱ्यापैकी काळं आहे, देठाला फक्त २एच वापरलीय.