रक्तदाब ठीक, मग लॅक्टेट वाढलेले का?

साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात धावणारे लोक दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीचे खापर हमखास लॅक्टिक ॲसिडवर फोडतात. वास्तविक धावणे थांबल्यावर तासाभरात रक्तातील लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचेच रक्तातील रूप) जवळजवळ पूर्ववत होते. दुखतात ते सूक्ष्म इजा झालेले स्नायू. त्यामुळे ‘आम्ल धुऊन काढणारे’ अल्कलाइन पाणी विकत घेणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. अतिदक्षता विभागातील शॉकच्या रुग्णाचे लॅक्टेट मात्र असे सहज उतरत नाही.

शॉकमध्ये रक्ताभिसरण इतके ढासळते की पेशींना प्राणवायू पुरत नाही. सुरुवातीला शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब टिकवते, म्हणून मॉनिटरवरचा आकडा ठीक दिसत असतानाही पेशी उपाशी असू शकतात. पेशीत ग्लुकोजपासून पायरुव्हेट बनते आणि ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचे ऊर्जाघर) जाऊन प्राणवायूच्या साहाय्याने पुष्कळ ऊर्जा देते. प्राणवायू कमी पडला की पायरुव्हेट तुंबते. मग पेशी त्याचे लॅक्टेट करते, कारण या अभिक्रियेत एनएडी हा सहघटक पुन्हा मोकळा होतो आणि त्याच्यावाचून ग्लुकोजचे विघटनच थांबले असते. एका ग्लुकोजमागे तीसच्या आसपास एटीपींऐवजी (एटीपी म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन) केवळ २ मिळतात, पण पेशी तगते. म्हणजे लॅक्टेट हा कचरा नव्हे. हृदय ते जाळते आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवते.

गुंतागुंत पुढेच आहे. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये ॲड्रेनलिन हे संप्रेरक स्नायूंतील बीटा-२ ग्राहींमार्फत (त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांमार्फत) ग्लुकोजचे विघटन इतके वेगवान करते की प्राणवायू असूनही लॅक्टेट वाढते, शिवाय मंदावलेले यकृत ते वेळेत उचलत नाही. फिट येऊन गेल्यावर किंवा दम्यासाठी सालब्युटामॉल दिल्यावरही आकडा चढतो. साधारण २ मिलिमोल प्रति लिटरपर्यंतची पातळी सामान्य आणि ४ च्या वरची गंभीर मानतात; तरी एका आकड्यापेक्षा तो उतरतो आहे की नाही, हे अधिक बोलके असते. म्हणूनच दोन ते चार तासांनी पुन्हा रक्त घेतात, ते बिल वाढवण्यासाठी नव्हे. मात्र केवळ लॅक्टेट उतरवण्यासाठी सलाईन ओतत राहिल्यास फुप्फुसांत पाणी साठू शकते. दक्षिण अमेरिकेतील २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत बोटाचे टोक दाबून सोडल्यावर लाली परतण्याचा वेळ पाहून केलेले उपचार लॅक्टेट पाहून केलेल्या उपचारांपेक्षा वाईट ठरले नाहीत. लाली पाहून उपचार केलेल्या गटात मृत्यू कमी झाले, परंतु तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही.

नमुन्याचीही काळजी घ्यावी लागते. तांबड्या पेशींत तंतुकणिका नसल्याने त्या नळीतही लॅक्टेट बनवत राहतात. म्हणून नमुना लगेच यंत्रात घालावा, नाहीतर बर्फात किंवा फ्लोराइडच्या नळीत पाठवावा.