ट्रस्ट फोडणारा कोण, रूझवेल्ट की टाफ्ट?

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये एक वाक्य पिढ्यान् पिढ्या उतरवलं जातंय: 'थिओडोर रूझवेल्टने ट्रस्ट मोडले, टाफ्टने सुधारणांना खीळ घातली.' (दोघेही अमेरिकेचे रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष, आधी रूझवेल्ट, त्याच्यानंतर लगेच टाफ्ट. हा रूझवेल्ट दुसऱ्या महायुद्धातला नव्हे. आणि इथला ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला न्यास नव्हे, मक्तेदार कंपन्यांची मोट.)

आता आकडे बघा. रूझवेल्टच्या साडेसात वर्षांत ट्रस्टविरोधी खटले 44. टाफ्टच्या चारच वर्षांत सुमारे 90.

मग रूझवेल्टचं नाव का झालं? 1902 मध्ये बडा बँकर जे. पी. मॉर्गनच्या 'नॉर्दर्न सिक्युरिटीज' या रेल्वे कंपनीवर त्याने खटला भरला, त्याच वर्षी कोळसा खाणींच्या संपात मालक आणि कामगार पुढारी यांना समोरासमोर बसवलं. हे सगळ्यांना पाठ असतं, पुढे जाऊ.

खरी मेख अशी की रूझवेल्टला मोठ्या कंपन्यांचं वावडं नव्हतंच. नीट वागणारी राहू दे, माजलेली धरा, आणि कोण कसं वागतंय ते राष्ट्राध्यक्ष ठरवणार. खाणसंपातही त्याने नेमलेल्या आयोगाने मजुरी 10 टक्के वाढवली, पण संघटनेला मान्यता दिली नाही. टाफ्ट मुळात न्यायाधीश. त्याच्या लेखी 1890 चा शर्मन कायदा (मक्तेदारीविरोधी कायदा) मोडला की खटला, मग कंपनी सज्जन असो वा नसो.

4 नोव्हेंबर 1907 ची सकाळ. बाजारात घबराट. 'यूएस स्टील' या बलाढ्य पोलाद कंपनीचे गॅरी आणि फ्रिक रूझवेल्टच्या न्याहारीच्या वेळीच व्हाइट हाउसवर थडकले: टेनेसीची एक कोळसा-लोखंड कंपनी आम्हाला घेऊ द्या, नाहीतर घबराट आणखी पसरेल. आपण आडवे येणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. ना कोर्ट, ना कागद. ऑक्टोबर 1911 मध्ये टाफ्टच्या सरकारने यूएस स्टीलवर खटला भरला आणि आरोपांत नेमका हाच व्यवहार घातला. म्हणजे रूझवेल्टला गंडवलं गेलं, असं चारचौघांत सांगितल्यासारखंच. रूझवेल्टचा पारा चढला. 1912 ची निवडणूक तो वेगळ्या पक्षातून लढला, रिपब्लिकन मतं त्याच्यात आणि टाफ्टमध्ये फुटली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा विल्सन 42 टक्के मतांत निवडून आला.

माझं मत विचाराल तर कायद्यापुरतं टाफ्टचं बरोबर होतं. न्याहारीच्या टेबलावर मक्तेदारीला परवानगी मिळणं मला पटत नाही. पण 1920 मध्ये त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो यूएस स्टीलच्या बाजूने: नुसतं मोठं असणं हा गुन्हा नव्हे.