हॉटस्पॉट की ब्रिज? कॉम्प्युटरचं वायफाय वाटायच्या दोन तऱ्हा

पंचवटीत मामांचा जुना वाडा आहे. भिंती हात-दीड हात जाड, राउटर पुढच्या खोलीत, त्यामुळे माजघरात मोबाइलला रेंज नावाला नाही. पण माजघराच्या दाराशी मामांचा कॉम्प्युटर आहे आणि त्याला राउटरपासून केबल ओढलेली आहे. त्यातलं वायफाय अडॅप्टर नुसतंच पडून होतं. म्हटलं, त्याचाच ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारं ठाणं, करू. विंडोजच्या सेटिंगमध्ये मोबाइल हॉटस्पॉट सुरू केला आणि दोन मिनिटांत मामींच्या मोबाइलवर कीर्तन लागलं.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. ‘अरे, नेट पळतंय, पण मोबाइलला प्रिंटर सापडत नाही. पुढच्या खोलीत गेलं की सापडतो.’

गोंधळ इथेच होतो. कॉम्प्युटरच्या अडॅप्टरमधून वायफाय निघालं की आपण सरसकट ॲक्सेस पॉइंट म्हणून मोकळे होतो. पण हॉटस्पॉट वेगळा आणि ब्रिज केलेला ॲक्सेस पॉइंट वेगळा. माजघरातल्या मोबाइलचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, पाहिला, तर तो १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा. प्रिंटरचा मात्र १९२.१६८.१ चा. म्हणजे दोघं वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये.

हॉटस्पॉट म्हणजे बिऱ्हाडकरूंचा वाडा. बाहेरच्या जगाला पत्ता एकच, मालकाचा. पोस्टमन सगळी पत्रं ओट्यावर टाकून जातो, कुठलं कुणाचं ते मालक बघतो. इथे कॉम्प्युटर हा मालक: आतल्या मोबाइलना आयपी तोच वाटतो आणि राउटरपुढे सगळ्यांच्या वतीने स्वतःचाच पत्ता सांगतो. यालाच नॅट म्हणतात. ब्रिजमध्ये मालक मध्ये येतच नाही. प्रत्येक बिऱ्हाडाचं दार थेट गल्लीत उघडतं, आयपी थेट राउटरकडून मिळतो आणि मोबाइल, प्रिंटर, टीव्ही सगळे एकाच आळीतले होतात.

मग मामांचा प्रिंटर अडला कुठे? प्रिंटर शोधताना मोबाइल ‘इथे कोण आहे?’ अशी हाळी देतो आणि ती हाळी वाड्याच्या बाहेर जात नाही. गंमत म्हणजे पत्ता माहीत असेल तर काम होतं. अँड्रॉइडच्या प्रिंट सेटिंगमध्ये आयपी टाकून प्रिंटर जोडता येतो. तसा जोडला आणि छापून आलं. बाहेरून आत मात्र येता येत नाही: पुढच्या खोलीतल्या लॅपटॉपला माजघरातला मोबाइल दिसणारच नाही. टीव्हीवर मोबाइलचा व्हिडिओ पाठवायला गेलात तरी हीच रड.

ब्रिज मी इंदिरानगरला माझ्या घरी केलाय, विंडोजऐवजी लिनक्स घातलेल्या जुन्या लॅपटॉपवर. होस्टएपीडी नावाचा प्रोग्रॅम अडॅप्टरला ॲक्सेस पॉइंट बनवतो, आणि तो केबलच्या पोर्टबरोबर एका ब्रिजमध्ये टाकायचा. मग आयपी वाटायचं काम लॅपटॉपकडे ठेवायचं नाही. मी पहिल्या दिवशी ते चालू ठेवलं होतं, राउटरही वाटत होता. दोन वाढपी एकाच पंगतीत घुसले आणि अर्ध्या मोबाइलना चुकीचे आयपी मिळाले.

ब्रिजला राउटरपर्यंत केबल हवीच. कॉम्प्युटर स्वतःच वायफायने नेट घेत असेल तर साधा ब्रिज चालत नाही, कारण राउटर हवेतून फक्त जोडलेल्या उपकरणाचीच डेटाची पाकिटं घेतो. मागच्या मोबाइलच्या पत्त्याने आलेली टाकून देतो. तिथे हॉटस्पॉटच बरा. तोही एकाच अडॅप्टरवर घेणं-देणं दोन्ही करत असेल तर वेग पडतोच.

आधी अडॅप्टर तपासा. लिनक्सवर ‘आयडब्ल्यू लिस्ट’ दिल्यावर मोडच्या यादीत ‘एपी’ दिसायला हवं. विंडोजवर मात्र अडॅप्टरच्या माहितीत ‘होस्टेड नेटवर्क’पुढे ‘नो’ दिसलं म्हणून हात टेकू नका. ती जुनी, विंडोज ७ च्या काळातली पद्धत. २०१६ पासून विंडोज १० मध्ये आलेला मोबाइल हॉटस्पॉट वायफाय डायरेक्टवर (उपकरणं थेट एकमेकांना जोडायची पद्धत) चालतो, आणि त्याला ८ उपकरणं जोडता येतात.

मामांकडे ब्रिजच्या भानगडीत पडलो नाही. त्यांना टीव्हीवर काही पाठवायचं नसतं, छापायचं असतं. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवला, कॉम्प्युटरची झोप बंद केली. तो आयपी मामांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात गॅसच्या नंबराखाली लिहून ठेवलाय.