एक तार, चार रेझिस्टर आणि गेलेला आवाज

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून नाशिकमध्ये माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू (दोन्ही लिनक्सचे फुकट मिळणारे प्रकार) टाकलं. पाठोपाठ एक तक्रार हमखास येते: "आवाजच गेला, साउंड कार्ड उडालं वाटतं." कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

आधी साधं कारण तपासा. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला असेल, तर आवाज तिकडे वळलेला असतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदललं की काम झालं.

दुसरं कारण मला फार आवडतं. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद होतात, पण हेडफोन लागला हे कॉम्प्युटरला कळतं कसं? इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एचडी ऑडिओ पद्धतीत प्रत्येक जॅकमध्ये एक बारीक स्विच असतो. पिन आत गेली की तो मिटतो आणि एक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग) सगळ्या जॅकच्या सामायिक तारेला जोडला जातो. चार जॅकचे चार रेझिस्टर: ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम. प्रत्येक आधीच्याच्या साधारण निम्मा. म्हणजे त्यांची वाहकता (अडथळ्याच्या उलट, वीज किती सहज जाते ते) साधारण १, २, ४, ८ या प्रमाणात, थेट बायनरी! समांतर जोडणीत वाहकतांची बेरीज होते, त्यामुळे कुठलेही जॅक एकत्र भरले तरी बेरीज वेगळीच येते. ३९.२ आणि २० मिळून १३.२ किलोओहम, २० आणि १० मिळून ६.७. कोडेक चिप (आवाज सांभाळणारी चिप) एकाच तारेवरचं व्होल्टेज मोजते आणि सोळा शक्यतांमधली नेमकी एक ओळखते. इतक्या कमी सामानात इतकं काम!

पण स्विचची पट्टी धुळीने किंवा पावसाळी ओलीने अडकली, की रिकाम्या जॅकमध्येही हेडफोन 'दिसतो' आणि स्पीकर मुके होतात. पंचवटीतल्या एका घरी हेच झालं होतं. पुढच्या जॅकमध्ये पिन घालून काढली की गाणं क्षणभर वाजायचं, पुन्हा बंद. विंडोजवर हे जाणवलं नव्हतं, कारण तिथे ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये पुढच्या जॅकची ओळख कोणीतरी बंद करून ठेवली होती. लिनक्सने चिपच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'अल्सामिक्सर' हा आवाजाच्या पातळ्या दाखवणारा प्रोग्राम चालवा (नाव इंग्रजीत, छोट्या अक्षरांत: alsamixer), एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. खांबाखाली 'एमएम' दिसलं तर तो म्यूट आहे, एम दाबा. 'ऑटो-म्यूट मोड' (हेडफोन दिसला की स्पीकर आपोआप बंद करणारी सोय) असेल तर तो डिसेबल करा. कुठून तरी उचललेल्या कमांड मंत्रासारख्या टाकत सुटू नका. कमांड काय करते हे कळल्याशिवाय सुडोचा (कमांडला पूर्ण अधिकार देणाऱ्या सोयीचा) पासवर्ड देणं ही अंधश्रद्धाच आहे.

आवाज आला की कॉम्प्युटर बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारा, वाळू द्या आणि पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा. पट्टी मोकळी झाली, तर ऑटो-म्यूट पुन्हा चालू करता येतं.