आंबट आणि भात खाल्ल्याने टाके पिकतात का?

पोटाची सैल त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम रेंगाळली, की ‘आंबट किंवा भात खाल्ला म्हणून टाके पिकले’ असे सांगितले जाते आणि आधीच खचलेला रुग्ण स्वतःलाच दोष देऊ लागतो. वास्तविक पू जंतुसंसर्गामुळे होतो. त्याचा नमुना कल्चर तपासणीसाठी दिल्यास कोणते जंतू वाढले, हे बहुधा अहवालातच दिसते. उलट, जखम सांधणारे कोलॅजन तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते आणि ते आवळा, लिंबू, पेरू यांत भरपूर असते. मधुमेह असल्यास भाताचे प्रमाण जरूर सांभाळावे, पण ते रक्तातील साखरेसाठी.

या शस्त्रक्रियेत पोटाची त्वचा मोठ्या भागावर खालच्या थरापासून सोडवून, ताणून शिवली जाते. त्यामुळे टाक्यांच्या मध्यभागी रक्तपुरवठा कमी पडू शकतो आणि आतील पोकळीत द्रव साचू शकतो. धूम्रपानाने हा धोका आणखी वाढतो. सूज काही महिने राहणे आणि व्रण फिका होण्यास वर्षभर किंवा अधिक लागणे, हे अपेक्षितच असते. मात्र ताप, पसरणारी लाली, दुर्गंधीयुक्त स्राव, एका पायाला अचानक आलेली सूज किंवा धाप यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. धाप लागल्यास तर थेट रुग्णालयात जावे.