हाडूक चघळायला देणं हा कुत्र्याचे दात साफ करायचा सुरक्षित उपाय नाही

सावजी मटणातली नळी चोखून झाली की हाडूक कुत्र्यापुढे टाकायचं, ‘दात घासले जातात त्याचे’ म्हणत. नागपुरात घरोघरी हेच. पण शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या हिरडीत, घशात रुततात. कडक कच्चं हाड फोडताना वरची मोठी दाढ तडकते. मसाल्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, ते वेगळंच!

दातांवरचा चिकट थर काही दिवसांतच टणक होतो आणि हिरडीखाली जंतू पोसतो. तोंडाला घाण वास येतो तो बहुधा यामुळेच. थर मऊ असतानाच ब्रशने काढायचा, रोज, गालाकडच्या बाजूने. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी. आपल्या पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलं तर त्याच्या जिवावर बेततं. तपकिरी किटण आधीच जमलं असेल तर डॉक्टरांकडून भूल देऊन स्केलिंगच, म्हणजे किटण खरवडून काढणं, करून घ्यावं लागतं.