तरुण खेळाडूंचे आर्थिक शोषण

तरुण खेळाडूंचे आर्थिक शोषण : खेळाडूच्या नावाने आलेला, त्याने जिंकलेला किंवा त्याच्यासाठी जमवलेला पैसा त्याच्याच विश्वासातल्या माणसाने त्याला न सांगता, न विचारता किंवा दडपण आणून वापरणे. हा माणूस वस्ताद असतो, प्रशिक्षक, मामा, काका, गावातला पुढारी, अकादमीचालक, कधी जन्मदाता बापही. परक्याने केलेल्या फसवणुकीपेक्षा हा प्रकार ओळखायला अवघड जातो, कारण येथे पैसा घेणारा आणि आजवर खर्च करणारा माणूस बहुधा एकच असतो.

सातारा आणि सांगली हे खेळाडू घडवणारे जिल्हे. गोळेश्वरचे (ता. कराड) खाशाबा जाधव, कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, मोहीची (ता. माण) धावपटू ललिता बाबर, सरडेचा (ता. फलटण) तिरंदाज प्रवीण जाधव, २०२३ मध्ये सतराव्या वर्षी बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती ठरलेली साताऱ्याची अदिती स्वामी, सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आणि करगणीचा (ता. आटपाडी) पॅरालिम्पिक गोळाफेकपटू सचिन खिलारी ही त्यांतली काही नावे. यांतल्या अनेकांच्या मागे साधी घरे आणि मदत करणारे हात होते. मदतीची ही रीत चांगलीच आहे. बिघडते ते मदतीचा आकडा कधीच कागदावर येत नाही तेव्हा.

याचा उलटा दाखला याच मातीतला आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ब्राँझपदक जिंकून परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते कर्ज फेडले. कर्ज किती, कोणाचे आणि ते कधी फिटले हे सगळ्यांना ठाऊक होते. शोषणात नेमके हेच नसते. ‘आम्ही तुला घडवलं’ या वाक्याला रक्कम नसते, म्हणून ते कितीही दिले तरी फिटत नाही.

मैदानाचा पैसा

कुस्तीतला पैसा मुख्यतः जत्रा-यात्रांच्या मैदानांतून येतो. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेपासून कुंडलच्या मैदानापर्यंत जोड ठरते ती मैदान कमिटी आणि वस्ताद यांच्या बोलण्यातून, पैलवानाला फार तर समोरच्याचे नाव कळते. पत्रकावर छापलेले इनाम, निवेदकाने पुकारलेले इनाम आणि कुस्ती सुटल्यावर हातात पडलेली रक्कम हे तीन आकडे सारखे असतीलच असे नाही. बरोबरीत सुटली तर रक्कम विभागली जाते. विजयी पोरगा आखाड्याभोवती फिरतो तेव्हा लोक हातावर दहा, पन्नास, शंभराच्या नोटा ठेवतात, त्यांची मोजदाद बहुतेक वेळा त्याच्यासमोर होत नाही. सतरा वर्षांचा मुलगा हंगामात तीस मैदाने मारतो आणि वर्षअखेर आपण किती मिळवले हे त्याला सांगता येत नाही.

वस्तादाने इनामातून वाटा घेणे हे शोषण नव्हे. शिकवण्याचा, जागेचा, प्रवासाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. वाटा किती हे आधी ठरलेले नसणे, पुकारलेली रक्कम लपवणे आणि पैशासाठी पोराला नुरा (निकाल आधीच ठरवलेल्या) कुस्तीत उतरवणे हे शोषण. तिसऱ्या प्रकाराचा घाव सर्वांत खोल, कारण त्यात पैशाबरोबर मुलाचे नावही जाते.

खुराकाच्या नावाखाली होणारी कापणी सहसा कुणी तपासत नाही, पण ती तपासणे सोपे आहे. एक साधा हिशोब धरू. रोज २ लिटर दूध, ६० रुपये दराने, महिन्याला ३,६०० रुपये. रोज १०० ग्रॅम बदाम म्हणजे ३ किलो, ८०० रुपये दराने २,४००. तूप २ किलोचे १,३००. आठवड्यातून दोनदा अर्धा किलो मटण, महिन्याला ४ किलो, ७०० रुपये दराने २,८००. अंडी, फळे, भाजी-धान्य मिळून ४,०००. बेरीज १४,१०० रुपये. दर गावागणिक बदलतील, पण तालमीत खुराकापोटी २२,००० कापले जात असतील तर उरलेले ७,९०० कशाचे, हे विचारता येते. वर्षाला हा फरक ९४,८०० रुपये होतो.

मुलींच्या बाबतीत गाठ आणखी घट्ट बसते. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीची प्रतीक्षा बागडी ती जिंकली. त्यानंतर मुलींच्या कुस्त्यांना मैदानांत जागा वाढली, इनामेही वाढली. पण मुलीने पैशाबद्दल तोंड उघडले की ‘सराव बंद, लग्न उरकून टाकू’ हा धाक घरातूनच येतो, म्हणून अशा तक्रारी फार कमी बाहेर येतात.

खाते एकाचे, ओटीपी दुसऱ्याकडे

सरकारी मदत आता बहुतांशी थेट खात्यात येते. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेत निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये खर्चभत्ता मिळतो. काही सहकारी साखर कारखानेही मल्लांना मासिक मानधन देतात. पैसा खात्यात आला म्हणजे खेळाडूला मिळाला, असे मात्र होत नाही. खाते उघडताना प्रशिक्षकाचा मोबाइल नंबर दिलेला असतो, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जातो, यूपीआय त्याच्या फोनवर चालते, एटीएम कार्ड अकादमीच्या कपाटात आणि सही केलेला कोरा चेक फायलीत. ‘शिबिराला जातोस, हरवशील’ या काळजीतून सुरू झालेली ही व्यवस्था वर्षानुवर्षे तशीच राहते.

साहित्याच्या खरेदीत आणखी एक गळती आहे, विशेषतः तिरंदाजीत. आयात केलेल्या रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो आणि पहिल्यांदा घेणाऱ्या पालकाला रायझर (मधली मूठ), लिंब (वाकणाऱ्या दोन पात्या), स्टॅबिलायझर (तोल राखणारे दांडे), साइट (नेम धरायचे साधन) यांचे वेगवेगळे दर माहीत नसतात. वापरलेले लिंब नवे म्हणून, किंवा मुलाच्या ताकदीपेक्षा जास्त पाउंडाचे (ओढायला जड) लिंब ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून गळ्यात मारले जातात. जास्त पाउंडाने खांदा दुखावतो आणि सहा महिन्यांत दुसरी जोडी घ्यावी लागते. प्रत्येक भागाचे वेगळे जीएसटी बिल, रायझरवरचा अनुक्रमांक आणि लिंबवर छापलेले पाउंड बिलाशी जुळवून पाहिले की यातले बरेचसे थांबते. बिल खेळाडूच्या किंवा पालकाच्या नावाचे असावे. अकादमीच्या नावाचे असेल तर धनुष्यही कागदोपत्री अकादमीचे.

निवड आणि नोकरी

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. या एका आकड्याभोवती मोठा बाजार उभा राहिला आहे. कधीच न खेळलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र विकले जाते, तर खरोखर खेळलेल्या मुलाकडून ‘पडताळणी करून आणतो’ म्हणून पैसे उकळले जातात. पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून होते, सातारा-सांगलीसाठी ते कार्यालय कोल्हापुरात आहे. त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. खोट्या प्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी जाते आणि गुन्हा मुलावर दाखल होतो, विकणाऱ्याने तोवर हात झटकलेले असतात. क्रिकेटमध्ये ‘निवड समितीत ओळख आहे’ म्हणून लाखो रुपये मागणारेही बहुधा आधी वर्ष-दोन वर्षे शिकवून विश्वास कमावलेले असतात.

घरातले

हा भाग लिहिताना घाई करून चालत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा पट्टा. येथे मुलाच्या खेळासाठी आईने सोने तारण ठेवलेले असते, बापाने पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते आणि शेजाऱ्याने जामीनकी दिलेली असते. पहिल्या बक्षिसातून ते कर्ज फिटावे यात गैर काही नाही. मात्र कर्ज फिटल्यावरही पैसा येत राहतो आणि जात राहतो : भावाचा ट्रॅक्टर, बहिणीचे लग्न, घरावरचा दुसरा मजला. खेळाडूचा गुडघा पंचविशीत गेला की शस्त्रक्रियेला खात्यात काही नसते.

हे फक्त गरिबीतून घडते असेही नाही. अमेरिकेची ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती जिम्नॅस्ट डॉमिनिक मोचानू हिने १९९८ मध्ये सतराव्या वर्षी आपल्या मिळकतीवरून आई-वडिलांविरुद्ध न्यायालयात जाऊन कायदेशीर स्वातंत्र्य मिळवले. आइस हॉकीपटू जॅक जॉन्सन याने आपले आर्थिक व्यवहार आई-वडिलांच्या हाती दिले होते, त्यांनी त्याच्या भावी कमाईवर कर्जे उचलली आणि २०१४ मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

कायदा

भारतात या विषयाला वाहिलेला स्वतंत्र कायदा नाही, पण हाताशी असलेल्या तरतुदी कमी नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय) असा करार मुळातच शून्य, म्हणजे रद्दबातल ठरवला. त्यामुळे सोळाव्या वर्षी लिहून घेतलेला ‘पुढील दहा वर्षांच्या कमाईतले ३० टक्के’ हा कागद खेळाडूवर बंधनकारक नाही, आणि वयात आल्यावर नुसती संमती देऊन तो जिवंतही होत नाही. म्हणूनच अठराव्या वाढदिवसानंतर काही दिवसांतच नवा कागद पुढे केला जातो. ही सही खरी धोक्याची. ‘दुसऱ्या तालमीत जाणार नाही’ अशी अट पाहिली की याच कायद्याचे कलम २७ आठवावे : व्यवसायावर बंदी घालणारा करार त्या मर्यादेत शून्य असतो. क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कराराची मुदत संपल्यानंतरचे असे बंधन याच कलमाखाली अमान्य केले.

चौदा वर्षांखालील मुलांसाठी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नाही. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीत ‘कलाकार’ या व्याख्येत खेळाडूचाही उल्लेख आहे आणि २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी लागते, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. मैदानांत आणि अकादम्यांत ही टक्केवारी सगळ्यांसाठी, चौदाच्या पुढेही, पाळायला हरकत नसावी.

करातही मुलाची कमाई वेगळी मानली जाते. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाचे व्याजासारखे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, पण त्याच्या स्वतःच्या कौशल्यातून आलेले नाही. त्यासाठी मुलाच्या नावाचे पॅन लागते आणि हे पॅन पुढे शोध घ्यायलाही उपयोगी पडते.

करायचे काय

दहा वर्षांपुढील मुलाला बँकेच्या धोरणानुसार स्वतः चालवता येणारे बचत खाते उघडता येते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये हे नियम सुटसुटीत केले. खात्याला नंबर खेळाडूचा किंवा आईचा जोडावा, प्रशिक्षकाचा कधीही नको. एक साधी वही पुरते, पाच रकान्यांची : तारीख, मैदान किंवा स्पर्धा, पुकारलेली रक्कम, मिळालेली रक्कम, कोणाकडून. खर्चाच्या पानावर खुराक, फी, प्रवास, साहित्य. महिन्याच्या शेवटी वस्ताद आणि खेळाडू दोघांची सही. प्रामाणिक वस्तादाला ही वही नडत नाही, उलट खोट्या आरोपापासून तिचा त्यालाच आधार होतो.

अठरा पूर्ण होताच बँकेत जाऊन नवी सही, केवायसी आणि मोबाइल नंबर बदलून घ्यावा, जुने कार्ड रद्द करावे आणि जुन्या खात्याचा उतारा मागावा. बँकांना व्यवहारांच्या नोंदी कायद्याने किमान ५ वर्षे जपाव्या लागतात, त्यामुळे हे काम लांबवू नये. आयकर संकेतस्थळावर आपल्या पॅनवर झालेली करकपात दिसते, त्यातून कधीच न सांगितलेले बक्षीस उघड होते. वर्षातून एकदा मोफत मिळणाऱ्या पतअहवालात (क्रेडिट रिपोर्ट) आपल्या नावावर काढलेले कर्ज किंवा आपण दिलेली जामीनकी सापडते. शासकीय अनुदान किती, कधी, कोणत्या खात्यात गेले हे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून विचारता येते, उत्तराची मुदत ३० दिवस.

पैसे अडकले असतील तर आधी कागद गोळा करावेत, मग लेखी मागणी आणि त्यानंतर तक्रार. भांडण आधी झाले की वही आणि पासबुक गायब होते, हा क्रम बहुतेकजण चुकवतात. विश्वासाने सोपवलेली रक्कम हडपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, फसवणूक ३१८ खाली गुन्हा आहे. पैसे परत मिळवण्यासाठी मात्र दिवाणी दावा लागतो. अज्ञान असताना झालेल्या नुकसानीसाठी मुदत कायद्यानुसार सज्ञान झाल्यावर दावा करता येतो, त्यासाठी सर्वसाधारणपणे २१ व्या वर्षापर्यंत वेळ असतो. सातारा आणि सांगली येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडून मुलांना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

कुस्तीत लेखी पुरावा क्वचित असतो. तेथे मैदानाचे छापील पत्रक, निवेदकाचा पुकारा असलेले चित्रीकरण आणि कमिटीच्या जमाखर्चातली नोंद या तीन गोष्टी कामी येतात. पत्रक घरी आणून त्याच रात्री त्यावर हातात आलेली रक्कम, देणाऱ्याचे नाव आणि सोबत कोण होते ते लिहून ठेवावे.